सोलंगचा बेत एक दिवस अलीकडे: नागपुरात बसून बांधलेला हिमवृष्टीचा अंदाज

२७ डिसेंबर २०२४, शुक्रवार. मनालीच्या वर सोलंग नाल्याच्या रस्त्यावर बर्फ पडला आणि सुमारे १,००० गाड्या जागच्या जागी अडकल्या. त्यांत सुमारे ५,००० पर्यटक होते. कुल्लू पोलिसांना त्यांना बाहेर काढावं लागलं. ‘अचानक आलेल्या बर्फानं पर्यटकांची दैना’ असंच त्या दिवशी जो तो म्हणत होता.

आमच्या त्रिमूर्तीनगरच्या इमारतीतलं एक कुटुंब त्या दिवशी मनालीत होतं. नवरा-बायको (माझे भाऊजी आणि वहिनी), शाळेत जाणारी दोन मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी. छापील कार्यक्रमाप्रमाणे शुक्रवारी ते सोलंगलाच असायला हवे होते. ते गुरुवारीच जाऊन आले होते. हा एका दिवसाचा फरक कसा पडला, कोणत्या दिवशी आम्हाला काय कळत होतं आणि काय कळत नव्हतं, ते जमेल तितक्या क्रमानं इथे मांडते. हवामान पाहणं हा माझा छंद आहे, पोटापाण्याचा व्यवसाय नाही. पण आपल्या ओळखीची माणसं डोंगरात असली की छंदालाही जबाबदारी चिकटते, असं मला मनापासून वाटतं.

आधी बेत. २५ ला संध्याकाळी मनालीत पोचायचं, २६ ला गावातच हिडिंबा मंदिर, मॉल रोड, आराम. २७ ला सोलंग, तिथून अटल बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाऊन परत. २८ ला संध्याकाळच्या बसनं दिल्ली. प्रवास कंपनी असा बेत का आखते ते कळतं: पहिला दिवस हलका, दुसरा भरगच्च. पण त्यात हवेचा विचार कुठेच नसतो. तारीख आणि ठिकाण यांची जोडी आधी ठरते, आकाश नंतर बघू.

पहिली खूण निघायच्या आधीची आहे. सोमवारी, २३ डिसेंबरला, हिमाचलात बर्फ पडला होता आणि त्याही दिवशी सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. शिमल्याचे पांढरे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर आले. वहिनी खूश होत्या, ‘बरं झालं, बर्फ मिळणार’. मला मात्र त्या बातमीतला रस्ता खटकला. रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर आहे आणि हिवाळ्यात ती बंदच असते, म्हणून सगळी गर्दी सोलंग आणि बोगद्याकडे वळते. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, तेव्हापासून पलीकडच्या लाहौल खोऱ्याचं दार बारा महिने उघडं राहू लागलं. ही मोठीच सोय झाली. पण बोगद्याचं दक्षिणेकडचं तोंड तीन हजार मीटरच्या वर आहे आणि तिथवर जाणारा रस्ता एकच. बोगद्याच्या आत बर्फ पडत नाही, तोंडाशी पडतो.

त्याच आठवड्यात दुसरा पश्चिमी झंझावात येताना दिसत होता. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघणारे हे झंझावात इराण-अफगाणिस्तानवरून आपल्याकडे येतात. डिसेंबर ते मार्चमध्ये महिन्याला चार-सहा सहज होतात. त्यातले बरेचसे काश्मीरला हात लावून पुढे सरकतात, आपल्याला इथे पत्ताही लागत नाही. त्यामुळे ‘झंझावात येतोय’ एवढ्यावरून कोणाचा बेत बदलायला सांगणं बरोबर नाही. बघायचं ते हे, की त्याची दक्षिणेकडची शेपूट किती खाली येते आणि तिला ओलावा कुठून मिळतो.

साडेपाच किलोमीटर उंचीवरच्या वाऱ्यांचा नकाशा, म्हणजे ५०० हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक) दाबाच्या पातळीचा, मी रोज दोनदा बघते. संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर चालवलेलं अमेरिकन मॉडेल, म्हणजे संगणकानं गणित करून काढलेला अंदाज, आपल्याकडे रात्री दहाच्या सुमारास दिसू लागतं, युरोपियन त्यानंतर. दोन्हींत एक द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, राजस्थानवरून दक्षिणेला इतकी खोल उतरत होती की तिचा प्रभाव थेट मध्य भारतापर्यंत येणार होता. खालच्या थरात अरबी समुद्रावरून दमट वारा उत्तरेला ओढला जात होता. त्यातच बंगालच्या उपसागरात, आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत, कमी दाबाचं क्षेत्र रेंगाळत होतं, त्यामुळे पूर्वेकडूनही ओलसर वारे आत येत होते. वर थंड पश्चिमी वारे, खाली दोन्ही समुद्रांचा ओलावा. डिसेंबरात अशी गाठ पडली की विदर्भात गारा पडू शकतात आणि हिमालयात बर्फ. हवामान विभागानंही मध्य प्रदेश, विदर्भ, खानदेश या भागांत २७ च्या आसपास वादळी पाऊस आणि गारपिटीचा इशारा आधीच दिला होता, आणि हिमाचलसाठी २७-२८ ला पाऊस-बर्फाचा अंदाज होता. मी काही नवीन शोधून काढलं नाही. इशारा सगळ्यांसमोर होता. तो या पाच माणसांच्या शुक्रवारशी जुळवून बघणं, एवढंच माझ्याकडून झालं.

एका गोष्टीचा मला राग येतो, ती इथेच सांगते. मॉडेलच्या एखाद्या धावेत, म्हणजे एका वेळच्या गणितात, कुठेतरी चार फूट बर्फ दिसतो, लगेच त्या नकाशाचं चित्र ग्रुपवर फिरतं आणि खाली भडक मजकूर. पुढच्या धावेत तो आकडा निम्म्यावर येतो, पण ते चित्र कोणी फिरवत नाही. युरोपियन केंद्र सुरुवातीच्या स्थितीत थोडेथोडे बदल करून एकाच वेळी पन्नासेक धावा करतं, ते याचसाठी: एक आकडा धरून बसू नये, सगळ्यांचा कल बघावा. आमच्या प्रकरणात बर्फाच्या जाडीवर त्या धावांचं अजिबात एकमत नव्हतं. वेळेवर मात्र होतं. २६ चा दिवस बराचसा कोरडा, २६ च्या रात्रीनंतर ढग दाटणार, २७ ला दिवसभरात कधीतरी सुरुवात, २८ पर्यंत चालू. बेत ठरवायला जाडी लागतही नव्हती, वेळ पुरेशी होती.

उंचीचा हिशोब मात्र कागदावर मांडावा लागला, आणि वहिनींना पटलं ते त्या कागदामुळेच. मनाली साधारण २,०५० मीटरवर, सोलंग २,५०० च्या थोडं वर. अंतर बारा-चौदा किलोमीटर, गाडीनं अर्धा-पाऊण तास. नकाशावर दोन्ही ठिकाणं एकमेकांना चिकटलेली दिसतात. पण हवेत वर जाताना दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश तापमान उतरतं. समजा तीन हजार मीटरवर उणे चार अंश आहे. मग सोलंगला उणे एकच्या आसपास आणि मनालीत अधिक दोन. म्हणजे एकाच ढगातून मनालीत पाऊस आणि सोलंगला बर्फ. हॉटेलच्या खिडकीतून बघणाऱ्याला वाटतं, नुसती भुरभुर तर आहे, जाऊन येऊ. आणखी एक गोष्ट अशी की पाऊस सुरू झाला की कोरड्या हवेत थेंब विरतात, बर्फ वितळतो, आणि या दोन्ही क्रिया हवेतलीच उष्णता खातात. त्यामुळे बर्फाची रेषा तासातासानं खाली सरकू शकते. सकाळी जो रस्ता नुसता ओला असतो तो दुपारी पांढरा होतो.

याला माणसांची सवय जोडली की अडकण्याची गोष्ट पूर्ण होते. सगळे पर्यटक नाश्ता करून दहाला वर जातात, तिनाला परतीला लागतात. बर्फ दुपारी सुरू झाला तर हजार गाड्या एकाच वेळी त्याच उताराला लागतात. मैदानातून आलेल्या गाड्यांच्या चाकांना साखळ्या नसतात. पुढच्यांच्या चाकांखाली बर्फ दबून काचेसारखा गुळगुळीत होतो, एक गाडी आडवी सरकते आणि तिच्यामागे सगळं थांबतं. थांबलेल्या गाड्यांमुळे बर्फ काढणारं यंत्रही वर येऊ शकत नाही. सोमवारी हेच झालं होतं. शुक्रवारी सोमवारपेक्षा जास्त ओलावा येणार होता, वर नाताळ ते नववर्ष या आठवड्याची गर्दी.

वहिनींशी बोलणं झालं ते २४ ला, निघायच्या धावपळीत. बॅगा दाराशी होत्या.

“ताई, बर्फ पाहायलाच तर जाऊन राहिलो न आम्ही. अन् तुम्ही बर्फाचीच भीती घालता.”

“बर्फ बघा हो. पडलेला बघा. पडताना वर राहू नका.”

“म्हणजे सोलंग रद्द करू?”

“रद्द कशाला? गुरुवारी जा. हिडिंबा शुक्रवारी करा.”

“गाडीवाला ऐकणार आहे का बाप्पा? त्यानं शुक्रवारचं लिहून दिलं आहे.”

सोमवारी पडलेला बर्फ सोलंगला असणारच होता, मुलांना खेळायला तेवढा पुष्कळ. भाऊजींनी तिथल्या तिथे गाडीवाल्याला फोन लावला. त्यानं थोडी कुरकुर केली आणि कबूल झाला. वर त्यानंच सांगितलं की पोलीस सध्या फोर बाय फोर गाडीच वर सोडताहेत, तेव्हा मनालीहून स्थानिक गाडी घ्यावी लागेल, पैसे वेगळे. आजींनी मात्र मला एकच विचारलं, “तुझं किती खरं समजायचं?” प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, गुरुवार चांगला जाईल हे दहात आठ, शुक्रवारी वर बर्फ पडेल हेही दहात आठ, किती पडेल ते मला सांगता येणार नाही. त्यांनी मान डोलावली. अंदाज सांगताना ‘नक्की’ हा शब्द मी वापरत नाही, आणि समोरच्या माणसाला त्या अनिश्चिततेचं वावडं नसतं असाच माझा अनुभव आहे.

आता नागपूरकडे येते, कारण इथली हवाही त्या दिवसांत बरंच काही सांगत होती. मनाली इथून हवाई अंतरानं सव्वाबाराशे किलोमीटर. तिथल्या बर्फाची खूण इथे कशी मिळेल, असं कोणीही विचारेल. थेट मिळत नाहीच. पण झंझावाताची शेपूट नागपूरपर्यंत पोचत असेल तर तो वरवरचा नाही, त्याच्या मागे ओलावा आहे, एवढं निश्चितपणे म्हणता येतं. ते मी तीन गोष्टींवरून पडताळून घेते.

पहिली किमान तापमान. डिसेंबरच्या शेवटी इथे कडाका अपेक्षित असतो. २०१८ मध्ये २९ डिसेंबरला नागपूर ३.५ अंशांवर उतरलं होतं. या वेळी उलट झालं, रात्री उबदार होऊ लागल्या. लोक चहाच्या टपरीवर म्हणत होते, थंडी गेली राव. ती गेली नव्हती. उत्तरेचा कोरडा वारा थांबून पूर्वेचा दमट वारा आला होता आणि ढगांनी रात्रीची उष्णता अडवून धरली होती.

दुसरी वाऱ्याची दिशा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मारुतीच्या देवळावर पताका आहे. एरवी हिवाळ्यात ती सकाळी दक्षिणेकडे फडफडते. त्या आठवड्यात ती पश्चिमेकडे वळली आणि तशीच राहिली. सोनेगावच्या विमानतळावर हवामान विभागाचं प्रादेशिक केंद्र आहे, त्यांची उपकरणं माझ्या पताकेपेक्षा कितीतरी बारकाईनं हे मोजतात. पण घराबाहेर पडताना वर नजर टाकली की दिशा कळते, ही सोय मला सोडवत नाही.

तिसरी हवेचा दाब. याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवीन छंदिष्ट इथेच हमखास फसतात. आपल्या अक्षांशांवर दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीच्या चालीनं. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, आणि दोन्हींतला फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. आकाश निरभ्र असलं तरी हे रोज घडतं. युरोपातल्या लोकांनी लिहिलेली माहिती वाचून कोणी दाबमापक घेतो, सकाळपासून दुपारपर्यंत काटा उतरताना पाहतो आणि वादळाची वाट बघत बसतो. काही येत नाही. नागपुरात दाब वाचायचा तर आज सकाळी दहाचा काल सकाळी दहाशी ताडून, मधले तास सोडून द्यायचे. चोवीस तासांतला हा फरक सलग उतरता लागला, आणि सोबत वारा व रात्रीचं तापमानही बदललं, तरच काहीतरी येतंय. त्या आठवड्यात तिन्ही एकाच बाजूला झुकले. उंचावरच्या वाऱ्यांच्या नकाशात जे दिसत होतं त्याला जमिनीवरून दुजोरा मिळाला, आणि २५ ला रात्री मी वहिनींना निरोप पाठवला की गुरुवारचंच पक्कं ठेवा.

इकडे काटोलला माझ्या मावसभावाचं शेत आहे. त्यालाही त्याच रात्री फोन केला. कापूस वेचून अंगणात पडला होता, तूर कापणीला येत होती. गारा कुठे पडतील हे गावनिहाय कोणीही सांगू शकत नाही, एका शिवारात पडतात आणि शेजारचं कोरडं राहतं. पण उघड्यावरचा कापूस आत घ्यायला गावाचं नाव कळायची गरज नसते. त्यानं ताडपत्रीची वाट न बघता सगळा माल सपरीत घेतला.

गुरुवार ठरल्यासारखा गेला. स्थानिक गाडीनं सोलंग, मुलांचे बर्फातले फोटो, आजी चहाच्या टपरीत शाल गुंडाळून बसलेल्या. बोगद्यापलीकडे सिस्सूला जायचं चालकानं टाळलं. सावलीतल्या वळणांवर रात्रीचं पाणी गोठून रस्त्यावर पारदर्शक थर झाला होता, डांबराचाच रंग दिसत असल्यामुळे तो डोळ्यांना कळत नाही. या थराची माहिती नागपुरातून कुठल्याच नकाशात दिसली नसती. तिथे चालकाचा शब्द शेवटचा, आणि भाऊजींनी तो मानला याचं मला फार बरं वाटलं. दुपारी तीनच्या आत सगळे मनालीत परत.

शुक्रवारी सकाळी भाऊजींचा फोन आला. आकाश ढगाळ होतं पण पाऊस नव्हता. हॉटेलमधली दुसरी कुटुंबं सोलंगला निघाली होती, मुलं हट्ट करत होती, सिस्सू राहिलंच होतं. हा क्षण मला सगळ्या प्रकरणात सर्वांत नाजूक वाटतो. अंदाज दोन दिवस आधी पटणं सोपं असतं. ऐन वेळी, कोरड्या रस्त्यावर, इतर सगळे निघालेले असताना तो पटणं अवघड. मी उपग्रहाचं अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणारं, छायाचित्र उघडलं. त्यात जितकं थंड तितकं पांढरं दिसतं. राजस्थान-पंजाबवरून ढगांचा जाड, पांढराशुभ्र पट्टा ईशान्येला सरकत होता, म्हणजे ढगांचे माथे खूप उंच आणि थंड. पट्ट्याची पुढची कड हिमाचलात शिरली होती. रडारवर मी विसंबले नाही. कुफरी, जोत आणि मुरारी देवी इथे रडार आहेत, पण डोंगरांच्या आड त्यांची किरणं अडतात आणि अरुंद खोऱ्यांतलं चित्र अर्धवट येतं. मी सांगितलं: आत्ता कोरडं आहे ते खरं, पण तुम्ही वर पोचाल तेव्हा पट्टा डोक्यावर असेल आणि परत फिरताना सगळी गर्दी तुमच्यासोबत असेल. भाऊजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ठीक आहे, हिडिंबा.”

त्याच फोनवर मी त्यांना आणखी एक सांगितलं होतं, तेही नोंदवते. कुठेही, कधीही गाडी बर्फात अडकली तर काचा लावून, हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी हिमवादळात गाड्या अडकल्या आणि वीसहून अधिक माणसं गाडीतच गेली. बर्फानं धुराड्याची नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत शिरतो, त्याला वास नसतो. अडकलंच तर नळीभोवतीचा बर्फ हातानं काढत राहायचं, इंजिन थोडा वेळच चालवायचं, एक काच बोटभर उघडी ठेवायची. मरीची उंची मनालीपेक्षा फारशी वेगळी नाही आणि तिथेही गर्दी सुट्टीचीच होती.

संध्याकाळी सोलंगची बातमी आली. हॉटेलमधून वर गेलेल्यांपैकी काही रात्री उशिरा, दमून, ओल्या कपड्यांनी परतले. एका कुटुंबाचं लहान बाळ होतं, वहिनींनी त्यांना स्वतःच्या खोलीतली गरम पाण्याची पिशवी दिली.

राहिला परतीचा प्रश्न, आणि तो आम्ही आधी पुरेसा चर्चिला नव्हता. २८ ची बस संध्याकाळची होती. बर्फ पडून गेल्यावर आकाश उघडलं की रात्री जमीन झपाट्यानं थंड होते आणि वितळलेलं पाणी रस्त्यावर पुन्हा गोठतं. बर्फ पडतानाच्या रस्त्यापेक्षा बर्फानंतरच्या पहिल्या स्वच्छ रात्रीचा रस्ता मला जास्त घातक वाटतो. पण २८ ला ढग अजून होते, आणि मनालीच्या खाली कुल्लूकडे उंची भराभर कमी होते. मी एवढंच सुचवलं की संध्याकाळची वाट न बघता दुपारच्या उजेडात खाली उतरा, कुल्लू ओलांडलं की उंचीची चिंता संपेल. बसचं तिकीट बुडालं. ते टॅक्सीनं निघाले, अंधार पडायच्या आत मंडीजवळ पोचले. हा खर्च टाळता आला असता का, याबद्दल भाऊजींचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात बस सुटली होती आणि नीट पोचली. ते खरंच आहे.

दिल्लीत त्यांना त्याच झंझावाताचं पाणी भेटलं. २८ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत सफदरजंगच्या वेधशाळेत ४१.२ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. डिसेंबर महिन्यात एका दिवसात इतका पाऊस दिल्लीत १०१ वर्षांनी झाला होता. आजींची चप्पल स्टेशनबाहेरच्या पाण्यात गेली, गाडी मात्र मिळाली.